बॉनेटखालचा हात

बारकीच्या दादाचा हात लहानपणापासून तोंडाच्या आधी चालायचा. तिच्या पुढच्या दाताचा टवका त्याच्याच चपराकीने उडाला होता. आईने तेव्हा लेकीच्या तोंडात ओला बोळा दाबला आणि वर तिलाच समजावलं, "त्याचं डोकं फिरलं की समोरून हलावं गं."

पुढे बारकीने एका वायरमनशी लग्न केलं. नवराबायकोने मिळून एक मोठी शेड घेतली. एका टोकाला तो गाड्यांचं वायरिंग करायचा, दुसऱ्या टोकाला ती मशीनवर सीटची कव्हरं शिवायची. माणूस मोजकं बोलणारा, पण हातात सफाई होती. बारकीचं बरं चाललं होतं.

दादाने एक जुनी, गोल दिव्यांची गाडी घेतली होती आणि तिच्या इवल्याशा पोटात दुप्पट ताकदीचं इंजिन बसवलं होतं. बसवलं म्हणजे कोंबलं. आड येईल तो पत्रा छिन्नीने फोडला होता. वायरींच्या नुसत्या जटा झाल्या होत्या. पेट्रोलचा पाइप तारेने बांधून ठेवलेला, तोही तापणाऱ्या सायलेन्सरला खेटून. जुन्या गाड्यांचं प्रदर्शन तोंडावर आलं होतं आणि तिथे बॉनेट उघडंच ठेवावं लागतं, म्हणून तो स्वतःच गाडी घेऊन आला. "जावईबापू, जरा आवरून द्या. पाहुण्यांपुढे घर आवरतात ना, तसं."

वायरमनने ते मनावर घेतलं. इंजिन बाहेर काढलं, पत्र्याची भोकं वेल्डिंगने बुजवली. बॅटरी मागे डिकीत नेली; तिच्यासाठी बारकीने चामड्याचा पट्टा शिवून दिला. सगळ्या वायरी एका जुडीत बांधून मडगार्डच्या आतून अशा नेल्या, की शोधूनही सापडू नयेत. पेट्रोलचा पाइप उष्णतेपासून लांब, क्लिपा मारून बसवला. शेजारच्या रंगाऱ्याने येऊन आतून करडा रंग मारला. इंजिन परत बसलं तेव्हा ते पहिल्यांदाच नीट दिसलं.

दादा दुपारी आला. बॉनेट वर होतं, खालून दांडीचा टेकू दिलेला. तो वाकून बघत राहिला. खूश होईल असं वाटलं होतं, पण त्याच्या मानेवर लाली चढत गेली.

"मी केलेली पट्टी कुठाय? पंख्याची?"

"तडकली होती, दादा. त्या डब्यात ठेवलीय."

"आणि माझे स्विच?"

रंगारी ब्रश पुसत होता. त्याला चेव आला. "बरं झालं काढले ते. आधी बॉनेट उघडलं की उंदराच्या बिळात डोकावल्यासारखं वाटायचं!"

दादाही हसला. त्याचं ते हसणं बारकीने मशीनपाशी बसून ऐकलं आणि तिचा पाय आपोआप थांबला. ते हसणं तिच्या ओळखीचं होतं.

वायरमनला ते कसं कळावं? एक हात कडेच्या पत्र्यावर ठेवून तो शेवटची अर्थिंगची वायर आवळत होता. न बघताच तो मायेने म्हणाला, "पाइप तर सायलेन्सरला चिकटलेला होता, दादा. एखाद दिवशी जळून गेला असतात."

दादाने दांडी काढली आणि दोन्ही तळव्यांनी बॉनेट खाली हाणलं.

जुनं जड लोखंड ते. वायरमनने डोकं कसंबसं काढलं, पण डावा हात आतच राहिला. कडकन आवाज झाला, आणि त्यामागून जी किंकाळी आली ती आपल्या नवऱ्याची आहे हे बारकीला क्षणभर कळलंच नाही. दादाने बॉनेटवर सगळं अंग टाकलं. "शिकव आता! शिकव मला!"

रंगाऱ्याने त्याला मागून ओढलं, तर कोपर बसून त्याचंच नाक फुटलं.

"दादा, सोड त्याला!"

"तू मध्ये पडू नकोस, बारके."

जॅकजवळ टॉमी पडली होती, हातभर लांब लोखंडी कांब. बारकीने ती उचलली आणि त्याच्या गुडघ्यावर घातली. तो धाडकन खाली बसला. रंगाऱ्याने रक्ताळल्या तोंडाने बॉनेट उचललं, हात सुटला.

थांबायचं ते इथेच. ती थांबली नाही. दुसरा फटका खांद्यावर, तिसरा बरगडीत. दादाने तोंडावर हात आडवा धरला, आणि तो आडवा हात बघून तिला आणखीच चेव चढला. पुढचा फटका मनगटावर बसला. हाड मोडलेलं तिला कांबीतून जाणवलं.

"बारके, बास! मरेल तो!" नवरा ओरडत होता. त्याच्या कोपरावरून रक्त ठिबकत होतं.

दवाखान्यात वायरमनचं एक बोट पेरापासून काढावं लागलं, दुसरं कायमचं ताठ राहिलं. आई आधी लेकाच्या खाटेपाशी गेली, मग हिच्याकडे आली.

"सख्ख्या भावावर हात टाकलास? तो रागीट आहे, माहीत नाही का तुला?"

"मीपण आहे, आई. तू कधी विचारलंच नाहीस."

हवालदार आला तेव्हा दादाने सांगितलं, की दांडी निसटली आणि आपण जॅकला अडखळून पडलो. नवरा हळूच म्हणाला, "असू दे तसंच. मिटेल." बारकीने मात्र पहिल्यापासून शेवटच्या फटक्यापर्यंत सगळं सांगितलं, स्वतःचं नाव घालून. मग खाली सही केली.

पोलीस शेडचे फोटो काढून गेल्यावर तिने बादली घेतली आणि करड्या रंगावरचं रक्त पुसून काढलं. सांध्यांतलं निघेना, ते जुन्या ब्रशने घासलं. अर्धवट राहिलेली वायर नवऱ्याने स्टुलावर बसून सांगितली तशी तिने आवळली. चावी फिरवताच इंजिन लागलं. दोघं थोडा वेळ तो आवाज ऐकत राहिले. मग तिने ते बंद केलं आणि दादाच्या ड्रायव्हरला फोन लावला.

"गाडी झालीय. घेऊन जा."

"साहेबांना पाठवू का बघायला?"

"नको," बारकी म्हणाली. "त्याने इथे यायचं नाही."