‘आमच्या’वर मारलेली रेघ

दोन उन्हाळे गेले, छबुबाईच्या रानात मेंढरं बसली नव्हती.

पाटोदा तालुक्यातल्या त्या गावात ऊन तापलं की माळवस्तीवरची मनकर्णा कळप घेऊन छबुबाईच्या रानात उतरायची. मेंढरांनी रान खतवायचं, छबुबाईनं जोंधळ्याची पाटी द्यायची, आणि दोघींनी बांधावर चहा पीत अख्ख्या गावाची उणीदुणी काढायची. तीस वर्षं हे असंच चाललं.

मग निवडणूक आली. गावठाणाचा उमेदवार वेगळा, माळावरच्यांचा वेगळा. कुणी मोबाइलवर काय पाठवलं, कुणी पारावर काय बोललं. पुढे गुलाल धुतला गेला, पण बोलणं सुरू झालं नाही. असं गाव तुमच्याही ओळखीचं असेल.

छबुबाईला मनकर्णा आठवायची चहा टाकताना. आधण रोज दोघींपुरतं पडायचं.

आणि आता कानावर आलं, पाझर तलाव गाळानं भरला, मेंढरांना पाणी नाही, मनकर्णा गोदाकाठी लेकीकडे निघाली. कायमची.

*

ठराव. गावठाण, मारुतीचं देऊळ. हजर ६१.
आमच्या तळ्यातील गाळ लोकसहभागातून काढावा.

ठराव. माळवस्ती, बिरोबाचं देऊळ. हजर ४७.
आमच्या तळ्यातील गाळ लोकसहभागातून काढावा.

शेरा: दोन्ही नामंजूर. एकाच सभेत शंभर गावकरी हवेत.

*

ग्रामसेविका वर्षाराणी दोन्ही कागद घेऊन छबुबाईच्या ओसरीवर आली. छबुबाईचा मुलगा विजयसिंह गावठाणाचा पुढारी.

“दादा, गावात तळी किती?”

“एकच की.”

“मग ठराव दोन कावून?”

“त्यांनी यावं मारुतीला. आमी कशाला जावं बिरोबाला?”

“ते बी असंच म्हणतेत. तुमचं नाव घेऊन.”

छबुबाई चौथी शिकलेली. तिनं बोट ठेवून एक कागद वाचला, मग दुसरा. बोट दोन्हीकडे एकाच शब्दावर अडलं.

“हे ‘आमच्या’ कुणी लिवलं?”

“ज्यानं त्यानं सांगितलं तसं मी लिहिलं, मावशी.”

“‘आमच्या’ म्हणलं की समोरचा भाईर. मनकर्णा माझ्या रानाला बी ‘आपलं रान’ म्हणायची.”

“आई, तू मधी पडू नको,” विजयसिंह म्हणाला.

तिनं डोक्यावर पदर घेतला आणि भर उन्हात माळाच्या वाटेला लागली.

*

मनकर्णा घोड्यावर बोचकी बांधत होती.

“अगं बया! पाटलीणबाई वाट चुकल्या का काय?”

“दोन वर्सं चुकलते. आज सापडली.”

“बस. पर चहा काळा हाय.”

“चालंल. मना, जाऊ नको गं.”

मनकर्णानं दोर हातातच धरला. “थांबून काय पिऊ? तुमचे एकसष्ट तिकडं, आमचे सत्तेचाळीस इकडं, आन मधी गाळ बसलाय ऐसपैस. छबे, एक सांग. तुझ्या रानात माझी मेंढरं बसायची, तवा लेंड्या कुणाच्या हुत्या? आमच्या का तुमच्या?”

छबुबाईला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरले. “आपल्या गं, आपल्या!”

“लेंड्या आपल्या, आन तळं आमचं-तुमचं? कुणी कुणाच्या देवळात यायचं ह्यावर भांडताय. सभा तळ्यातच घ्या की! कोरडंच हाय. बसायला जागा लई!”

*

आणि खरंच, सभा तळ्यात भरली! सुरुवातीला दोन घोळके दोन काठांना. वर्षाराणीनं ठराव वाचायला घेतला आणि छबुबाई उठून उभी राहिली. “‘आमच्या’ खोड, बाई. ‘आपल्या’ लिव.”

विजयसिंहानं पायाखालची भेग पाहिली. हात जाईल एवढी रुंद. ह्याच तळ्यात मनकर्णाच्या मुलानं, परमेश्वरानं, त्याला पोहायला शिकवलं होतं. त्यानं समोरच्या काठाला पाहिलं. परमेश्वर त्याच्याकडेच बघत होता.

“दे पेन,” विजयसिंह म्हणाला. रेघ त्यानंच मारली!

~~आमच्या~~ आपल्या तळ्यातील गाळ लोकसहभागातून काढावा. हजर १०८. मंजूर.

“दोन वर्सं लागली बे, एक रेघ मारायला?” परमेश्वर म्हणाला. त्यावर आधी कोण हसलं, ते कुणालाच सांगता आलं नाही.

अकरा दिवस गाळ निघाला. पाटी हातोहात जाताना मागचा कोण, पुढचा कोण, हे पाहायला सवड नसते.

*

तळं खोल झालं. पण पाणी आभाळातून यायचं, आणि मेंढरं तोवर थांबणार नव्हती. मनकर्णाला जावंच लागलं. निघताना तिनं एक लंगडी मेंढी छबुबाईच्या अंगणात बांधली.

“हिला चालवत न्हाई. संबाळ. पोळ्याला न्यायला येते.”

“न्यायला का राहायला?”

“आधी तळं भरू दे, मंग इचार,” मनकर्णा म्हणाली आणि कळपामागे चालू लागली. धूळ बसेपर्यंत छबुबाई त्या वाटेकडे पाहत राहिली. मेंढीही तिकडेच मान करून उभी.

गावकऱ्यांनो, दुरावलेल्या माणसासाठी घरात बसून झुरलं तर अंतर कमी होत नाही. दोघांनी मिळूनच होईल असं एखादं काम शोधावं, आणि बोलवायला आपणच आधी जावं. आलेला माणूस उद्या पुन्हा दूर जाईलही. पण परत यायला त्याला एक कारण उरतं.