स्पिरिटचा शेवटचा हात

आमच्या कारखान्यात विमानांच्या ऑटोपायलटसाठी जायरोस्कोप तयार होत. जायरोस्कोप म्हणजे चौकटीत बसवलेला भोवरा. विमान डावीकडे कलंडो, उजवीकडे कलंडो, भोवरा एकदा धरलेली दिशा सोडत नाही. त्याच्याकडे बघून ऑटोपायलट विमान सरळ करतो. सबंध कारखान्यात सरळ म्हणजे काय हे कळणारी वस्तू एवढीच होती, आणि तीही आम्ही खोक्यात भरून बाहेर पाठवून देत असू.

भोवऱ्याच्या बेअरिंगमध्ये धुळीचा कण राहिला की भोवरा हळूहळू दिशा सोडू लागतो. याला आम्ही ‘सरकणं’ म्हणत असू. तो सरकू नये म्हणून बेअरिंग शुद्ध स्पिरिटने धुवायचं असा नियम होता. एका यंत्राला किती स्पिरिट लागतं हे मॉस्कोहून ठरून येई. ठरवणारा दिलदार असावा. बेअरिंग कोटाच्या बटणाएवढं, आणि स्पिरिट ग्लासभर. जुळणी खात्यातले लोक बेअरिंगला स्पिरिटचा वास दाखवत. उरलेलं ओतून टाकण्याइतकं ते खातं बेजबाबदार नव्हतं.

त्या खात्यात रोदिऑन साव्हेलिच भोवऱ्यांचा तोल साधायचं काम करी. भोवरा फिरवायचा, कान देऊन ऐकायचा, आणि जड बाजूचा केसाएवढा धातू खरवडून काढायचा. हे काम हाताचं. रोदिऑनचे हात सकाळी थरथरत आणि घोटभर स्पिरिट गेलं की दुपारपर्यंत दगडासारखे स्थिर राहत. पत्र्याच्या कडीत बसवलेला चहाचा ग्लास घेऊन तो सकाळी आत येई, तेव्हा ग्लासातला चमचा किणकिण वाजत असे. किणकिण थांबली की कामाला सुरुवात झाली असं समजायचं.

त्याची बायको कापितोलिना येगोरोव्ना, आमची कापा, त्याच खात्यात इंजिनियर होती. कोणता भाग कशानंतर, कसा जोडायचा हे ठरवण्याचं काम तिचं. त्या शरद ऋतूत दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी रोदिऑनच्या बरगड्यांखाली दाबून पाहिलं आणि कापाला बाहेर नेऊन सांगितलं, “असंच चाललं तर पुढचा उन्हाळा दिसायचा नाही त्याला. आज सोडली तर मात्र यकृत माफ करतं. फार सोशिक असतं बिचारं.”

कापाने काढे दिले होते, रडून पाहिलं होतं, बाटल्या मोरीत ओतल्या होत्या. पण घरात तो फारसा पीत नसे. तो कामावर पीत असे, आणि तेही सरकारी नियमानुसार. तेव्हा तिने इंजिनियरने करावं ते केलं. नियमच बदलायचा असं ठरवलं.

तिने एक टाकी बनवली. फ्रिजमध्ये असतो त्या जातीचा द्रव तीत भरायचा, बेअरिंगं बुडवायची आणि माणसाला ऐकू येत नाही अशा आवाजाने तो द्रव थरथरवायचा. धूळ आपोआप सुटून येई. हा द्रव पिण्यालायक नव्हता. खात्यात यावर बरीच चर्चा होऊन शेवटी तसं मान्य झालं.

मी तपासणी खात्यात होतो. मी विचारलं, “कापा, अर्जात कारण काय लिहिलंस?”

“स्पिरिटची बचत.”

“आणि खरं?”

“खऱ्यासाठी रकाना नाही त्यात.”

चाचणीपुरती तिला कोपऱ्यातली एक खोली मिळाली. तोल साधायला कोण हवं असं विचारल्यावर तिने नवऱ्याचं नाव सांगितलं. त्या खोलीत स्पिरिटचा थेंब जायचा नाही असं खातेप्रमुखांकडून लिहून घेतलं, आणि खोलीला कुलूप लावून किल्ली गळ्यात घातली. रोदिऑन आत, ती आत.

सुरुवातीचे दिवस वाईट गेले. रोदिऑनला शर्टाची बटणं लावता येईनात. भोवरे बिघडत होते, आणि ते बाद ठरवून घ्यायला कापा स्वतः माझ्याकडे घेऊन येई. “आत कसं चाललंय?” असं विचारलं की म्हणे, “चमचा वाजतोय.” मग एका सकाळी रोदिऑन चहाचा ग्लास घेऊन माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. नुसता ग्लास पुढे धरून उभा. काय दाखवतोय ते मला कळेना. मग लक्षात आलं, काहीच ऐकू येत नव्हतं.

“ऐकलंस?” तो म्हणाला.

“नाही.”

“तेच.”

त्यानंतर आलेले भोवरे मी चाचणीला लावले तेव्हा सरकणं मोजणारा काटा हलेना. मी काचेवर टिचकी मारली. आमच्याकडे मोजमापावर पहिला संशय घ्यायची पद्धत होती, कारण एवढा चांगला माल आमचाच असेल असं कुणाला वाटायचं नाही. पण काटा बरोबर होता. भोवरे सरकत नव्हते. कापा पाठीमागे उभी राहून काट्याकडे बघत होती. तिला त्या काट्यात विमान दिसत नसून उन्हाळा दिसत होता, हे मला कळत होतं.

सुधारणेचा अर्ज तांत्रिक बैठकीपुढे आला. खातेप्रमुख प्लातोन गाव्रिलोविच खुर्चीत. प्रेमळ माणूस. कुणाला नाही म्हणताना त्यांच्या डोळ्यांत पाणी येई.

“काम उत्तम आहे,” ते म्हणाले. “फक्त एक सांगा, कापितोलिना येगोरोव्ना. बेअरिंगं येतात कुठून?”

“बेअरिंगच्या कारखान्यातून.”

“वेन्यामिन झिनोव्येविच, बाईंना सांगा बरं कुठून येतात.”

वेन्यामिन झिनोव्येविच म्हणजे माल आणणारे. त्यांनी आपली चामडी बॅग टेबलावर ठेवली. बॅगेत डुचमळल्यासारखा आवाज झाला.

“यातून येतात,” ते म्हणाले.

“आणि छपराचा पत्रा?” प्लातोन गाव्रिलोविचनी विचारलं.

“त्यातूनच.”

“आग विभागाचे साहेब दर वर्षी येतात आणि सगळं ठीक आहे म्हणून सही करून जातात, ते?”

“ते दोनदा भरून नेतात.”

कापा म्हणाली, “भोवरे सरकायचे थांबलेत. हे कुणी बघितलंय का?”

“बघितलं ना. म्हणून तर आनंद होतोय सगळ्यांना,” प्लातोन गाव्रिलोविच म्हणाले. “बरं, तुमची ही टाकी. खोलीत बसवली कुणी?”

“फिटर लोकांनी.”

“आणि त्यांना काय दिलंत?”

फिटरांना काय द्यावं लागतं हे कापालाही माहीत होतं, आणि तिने ते दिलं होतं.

शेवटी एकमताने ठरलं. सुधारणा मंजूर. टाकी सगळ्या खात्यात बसवायची. मात्र टाकीतून काढल्यावर बेअरिंगवर स्पिरिटचा शेवटचा हात फिरवायचा, खबरदारी म्हणून. आता धुणं एकाऐवजी दोनदा होणार, म्हणजे काम वाढलं. काम वाढलं की स्पिरिट वाढवून मागावं लागतं. तसं पत्र मॉस्कोला गेलं, आणि जन्मात पहिल्यांदाच मॉस्कोहून उत्तर लगेच आलं.

“मग माझ्या सुधारणेत राहिलं काय?” कापाने विचारलं.

“तुमचं नाव राहिलं की,” प्लातोन गाव्रिलोविच म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

आमच्याकडे नवीन काही झालं की ते धुवावं लागतं. नवे बूट, सायकल, पदक, जावई. धुणं म्हणजे त्याच्या नावाने पिणं. न धुतलेली गोष्ट टिकत नाही यावर शिकलेल्या माणसांचाही विश्वास, आणि इथे तर धुण्याचीच सुधारणा. ती न धुता कशी ठेवणार? पाळी सुटल्यावर जुळणीच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, त्यावर खारवलेले मासे, काळा पाव, आंबवलेल्या काकड्या मांडल्या. रोदिऑन आपला चहा घेऊन आला.

“हे काय रे रोद्या, बायकोची सुधारणा धुणार नाहीस?” टेबलाभोवतीच्या एकाने रोदिऑनला विचारलं.

“चहाने धुतो.”

“चहाने घसा धुतात, तेही पडशात. आम्हाला मानतोस की नाही तू?”

“मानतो ना.”

“मग दिसत कसं नाही ते?”

“त्याचा मी घेते,” कापा म्हणाली, आणि ग्लास उचलून तिने रिकामा केला. नववर्षाच्या शॅम्पेनपलीकडे तिने कधी काही घेतलेलं नव्हतं. डोळे पुसून तिने ग्लास टेबलावर उपडा ठेवला.

प्लातोन गाव्रिलोविचनी तो हलकेच सुलटा केला. “हा तुमचा झाला, बाई. आता त्याचा.”

तिने दुसरा घेतला. चेहरा पांढरा पडला.

“आता दोघांचा मिळून,” कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. तीही हसायला गेली आणि तिने टेबल धरलं.

रोदिऑनने चहा खाली ठेवला आणि तिच्या हातातला ग्लास काढून घेतला. “बस कर, कापा. तुला जमत नाही हे. मला जमतं.”

“रोद्या, नको.”

“एकच. म्हणजे सोडतील घरी.”

त्याने तो घेतला. हात जराही हलला नाही. सगळ्यांना फार बरं वाटलं, त्याच्या पाठीवर थापा पडल्या. कुणाच्याही मनात वाईट नव्हतं, हे नमूद करायला हवं. मनात वाईट असतं तर त्यावर काही इलाज तरी करता आला असता.

पुढच्या सोमवारी चमचा वाजायला लागला होता.

मग आणखी एक गोष्ट ध्यानात आली, जी कापाच्याही लक्षात आली नव्हती. पूर्वी बेअरिंगवरून उतरलेलं स्पिरिट करडं, तेलकट असे. ते कापसातून गाळावं लागे, आणि तरी तोंडाला ग्रीसची चव राहून जाई. आता बेअरिंग टाकीतूनच चकचकीत होऊन येत होतं. शेवटचा हात फिरवलेलं स्पिरिट जसं गेलं तसं परत येई, स्वच्छ. म्हणजे पूर्वी जेवढं प्यायचं राहून जात होतं तेवढंही आता वाचत होतं. अर्जात लिहिल्याप्रमाणे बचत झाली होती.

कापाचं नाव झालं. शेजारच्या शहरांतले कारखाने पद्धत शिकायला माणसं पाठवू लागले. ही माणसं यंत्र कमी बघत आणि वास जास्त घेत. फाटकाजवळच्या मानाच्या फळ्यावर तिचा फोटो लागला. येताजाता लोक तिला टोप्या काढत.

“वैताग येत नाही का गं?” मी एकदा विचारलं.

“भोवऱ्याला ढकललं तर तो ढकलू तिकडे जात नाही,” ती म्हणाली. “काटकोनात भलतीकडेच वळतो. कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकवतात. मला पैकीच्या पैकी होते त्यात.”

तिने रोदिऑनला रंगखात्यात हलवायचा अर्ज केला. प्लातोन गाव्रिलोविच म्हणाले, “अहो, सुधारणेच्या जनकाचा नवरा आहे तो. त्याला काढलं तर लोक म्हणतील, पद्धतीत काही खोट आहे.” खोट माझ्या टेबलावर दिसतच होती. भोवरे पुन्हा सरकू लागले होते, आधीपेक्षा अंमळ जास्तच. मी ते बाद करी, प्लातोन गाव्रिलोविच महिनाअखेरीला ते पास करून घेत. विमानं काही पडली नाहीत. प्रत्येक विमानात एक पायलट बसलेला असे, आणि तो ऑटोपायलटवर विश्वास ठेवत नसे. आमच्या गावचा असला तर मुळीच नाही.

व्होल्गा नदीवरचा बर्फ वसंतात तडकायच्या आत रोदिऑन गेला. शेवटी शेवटी चमच्याचा आवाज येत नव्हता, कारण ग्लास कापाच्या हातात असे.

दफनानंतर आम्ही सगळे तिच्या घरी जमलो. धिरडी होती, मध घातलेला भात होता, मांसाची थंड वडी होती. स्पिरिट खात्याने पाठवलं होतं, शेवटच्या हाताचं. अशा वेळी ग्लासाला ग्लास भिडवत नाहीत. गुपचूप घेतात आणि मेलेल्याबद्दल चांगलं बोलतात. सगळे चांगलं बोलले. आणि त्याच्या फोटोपुढे, आमच्या रिवाजाप्रमाणे, एक काठोकाठ भरलेला ग्लास ठेवला होता, वर काळ्या पावाचा तुकडा झाकून. तो त्याचा. त्याला कुणी हात लावायचा नसतो.

संध्याकाळपर्यंत वेन्यामिन झिनोव्येविचना रिवाज आठवेनासे झाले. त्यांनी पाव बाजूला केला, “रोद्या, तुझ्यासाठी घेतो रे” म्हणत ग्लास तोंडाला लावला, आणि थांबले.

“पाणी आहे हे,” ते म्हणाले.

सगळ्यांनी कापाकडे पाहिलं. ती धिरड्यांच्या ताटाशी उभी होती.

“कापा,” प्लातोन गाव्रिलोविच म्हणाले, अगदी हळू, “दुःखात माणसाकडून चूक होते. कुणी मनावर घेणार नाही.”

“चूक नाही ती,” कापा म्हणाली. “त्याला तेवढं तरी राहू द्या.”

“आम्ही त्याला असं पाठवू? आमच्या रोद्याला?”

त्यांनी तिला खुर्ची दिली, खांद्यावर शाल घातली. ती बसली. प्लातोन गाव्रिलोविचनी ग्लासातलं पाणी खिडकीतल्या जिरेनियमच्या कुंडीत ओतलं. मग बाटलीतलं थोडं स्पिरिट ग्लासात घालून तो आतून गोल फिरवून धुतला, नियमाप्रमाणे, आणि ते स्पिरिट टाकून न देता वेन्यामिन झिनोव्येविचच्या ग्लासात घातलं. नंतर रोदिऑनचा ग्लास काठोकाठ भरला, फोटोपुढे ठेवला, आणि पावाचा तुकडा पुन्हा त्यावर नीट बसवला. त्यांचा हात जरा थरथरत होता, पण सांडलं नाही.