तानाबाईच्या मिसरीची डबी

मित्रांनो, सगळे मला मिसरीची डबी म्हणतात खरे, पण माझ्या पोटात मिसरी जेमतेम दोन वर्षं होती.

सोलापुरात संगप्पा नावाच्या कारागिरानं तेलाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापून मला घडवलं. झाकण इतकं घट्ट, की उघडताना नखं दुखायची. सांगोल्याकडच्या तानाबाईनं घासाघीस करून मला घेतलं आणि कमरेला खोचलं. मिसरी, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, दातांना लावायची तिला सवय होती. मेंढरं राखणारी बाई, बोलायला फटकळ. मला ती आवडली.

तिचा नवरा बिरप्पा आजारी पडून वारला. त्या आजारपणात तिचंही रक्त तपासलं आणि तिला एचआयव्ही निघाला. मुलगा मल्हार तेव्हा लहान होता. तिनं कुणालाच सांगितलं नाही. सोलापूरच्या दवाखान्यात गोळ्या फुकट मिळत. रोज एक, जन्मभर. घेतल्या तर माणूस चारचौघांसारखं जगतो, सोडल्या तर आजार पुन्हा डोकं वर काढतो, हे नर्स कमलम्मांनी तिला नीट समजावलं होतं. दवाखान्याबाहेर येऊन ती बाटलीतल्या गोळ्या माझ्यात ओतायची, वाजू नयेत म्हणून वर कापूस दाबायची आणि बाटली फेकून द्यायची. मिसरी तिनं सोडून दिली, पण डबी सोडली नाही. बाईच्या मिसरीच्या डबीला घरातलं कुणी हात लावत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

अशी बारा वर्षं गेली. कमलम्मा म्हणायच्या, "तानाबाई, तुमची एक बी गोळी चुकत न्हाय की." तेव्हा मला कोण अभिमान वाटायचा! गावातल्या बाया चिडवायच्या, "हिची मिसरी काय सुटत न्हाय." ती हसून सोडून द्यायची.

एक चूक मात्र तिनं पहिल्याच दिवशी करून ठेवली होती. गावात बोभाटा होऊ नये म्हणून दवाखान्यात आपलं गाव अकलूज सांगितलं आणि फोन नंबर मनानंच रचून दिला.

मग करोना आला. एसटी बंद झाली, तेव्हा माझ्यात एकोणीस गोळ्या होत्या. तानाबाई एक दिवसाआड घेऊ लागली. गावानं वेशीवर काट्या टाकल्या. पुण्याहून गावी परतलेल्या कुंडलिकला रानातल्या खोपीत ठेवलं. चौदा दिवस संपले, तो ठणठणीत होता, तरी त्याला पाण्याच्या टाकीवरून हाकलून दिलं. तानाबाई तिथं घागर घेऊन उभी होती. घरी येऊन ती कितीतरी वेळ मला मुठीत धरून बसली.

मल्हार चिंचोळीच्या कारखान्यात कामाला होता. कारखाना बंद, म्हणून तो घरीच होता. मेंढरं आजारली तेव्हा त्यानं खटपट करून पास काढला आणि औषध आणायला सोलापूरला निघाला.

"आये, तितनं तुला काय आणायचंय का?"

तिचा अंगठा माझ्या झाकणावर आला. मला वाटलं, आता उघडते.

"न्हाय. मला काय लागतंय?"

"लई वाळलीस की."

"उनाचं हाय. तू जा."

संध्याकाळी मेंढरांचं औषध आलं. मेंढरं बरी झाली.

मे उजाडेपर्यंत मी रिकामी झाले. तरी रोज जेवण झालं की ती मला उघडायची, बोट फिरवायची आणि घोटभर पाणी प्यायची. घरात कुणाला फरक कळू नये म्हणून.

गणपतीच्या तोंडावर एसटी सुरू झाली आणि तानाबाई दवाखान्यात गेली. कमलम्मांनी तिला ओळखलंच नाही आधी. मग म्हणाल्या, "घरपोच गोळ्या द्यायला माणूस धाडला हुता की अकलूजला. दोन दिवस हुडकत हुता तुमाला."

त्या दिवशी तानाबाईनं पहिल्यांदा खरं गाव आणि मल्हारचा नंबर लिहून दिला. मी पुन्हा भरले. पण तोवर टीबीनं तिची छाती पोखरली होती. दिवाळीआधीच ती गेली.

पुढच्या महिन्यात मल्हारचा फोन वाजला. मी फळीवर होते. "आई गेली. तुमी कोन?" त्यानं विचारलं. पलीकडून कुणी बाई "वळकीची हाय" एवढंच म्हणाली, असं त्यानं बायकोला, प्रियंकाला, सांगितलं. प्रियंकानं घर आवरताना मला उघडलं. "पित्ताच्या गोळ्या खात हुत्या वाटतं," म्हणाली आणि गोळ्या उकिरड्यावर टाकल्या. मी आता रिकामी आहे आणि कडेनं गंजते आहे.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा, असं मी म्हणणार नाही. पण तुमच्या घरात कुणी वाळत चाललं असेल आणि 'मला काय लागतंय' म्हणत असेल, तर तिथून लगेच उठू नका. पुन्हा विचारा. दुसऱ्यांदा विचारल्यावर तानाबाईनं सांगितलं असतं, असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. बहुतेक नसतंच सांगितलं. पण त्या दिवशी टाकीवर कुंडलिकला कुणी एक घागर भरू दिली असती, तर तिनं कदाचित न विचारताच सांगितलं असतं.