हळदीचा रुमाल आणि घटसर्प

शिवणकारखान्याच्या गोदामात मुंगी शिरायला जागा नव्हती. कापडाच्या गठ्ठ्यावर फुंकरबाबा बसले होते. घसा धरलेला माणूस पुढे यायचा, बाबांनी दिलेल्या पाण्याची चूळ भरायचा आणि पिवळ्या रुमालावर थुंकायचा. रुमाल लालभडक!

"निघाला रोग! सात दिवसांत ठणठणीत. न झालात, तर श्रद्धेत खोट!"

बरेच जण खरंच बरे झाले होते. त्यामुळे कारखान्याच्या दवाखान्यातल्या माझ्यासारख्या नर्सला कोण विचारतो?

काजं करणारी एक बाई सहा वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन परतत होती. पोरीची मान सुजलेली. मी तोंड उघडायला लावलं. घशात राखाडी पडदा.

"हा घटसर्प आहे. आत्ताच्या आत्ता मोठ्या हॉस्पिटलात चला."

"सिस्टर, रुमाल लाल झाला की!"

"लशी दिल्यात?"

"एक दिली. ताप आला, माझा खाडा पडला. मग नाही नेलं."

ती पोरीला घेऊन घरी निघून गेली. मी गाडी घेऊन तिच्या खोलीवर गेले. तिने दार उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी तीच धावत आली. हॉस्पिटलात घटसर्पाच्या जंतूंच्या विषावरचं औषध दिलं, पण विष हृदयापर्यंत पोचलं होतं. पोर गेली.

मी तडक गोदामात गेले, बाबांचा कोरा रुमाल ओढला आणि साबणाच्या पाण्यात बुडवला. लाल!

जमलेल्या बायांना म्हणाले, "हळदीत भिजवून वाळवलाय. चुळीच्या पाण्यात धुण्याचा सोडा आहे. हळदीच्या डागाला साबण लावला की काय होतं, रोज बघता ना?"

"नास्तिकांपुढे शक्ती टिकत नाही," म्हणत बाबांनी गाशा गुंडाळला. आठवड्याभरात ते पुलापलीकडच्या कारखान्यात बसले.

पोरीच्या आईने विचारलं, "मग बाकीचे बरे कसे झाले?"

"त्यांचं साधं दुखणं होतं. रक्तातल्या पांढऱ्या पेशींनी जंतू मारले. श्रेय बाबांनी लाटलं."

"माझ्या पोरीच्या रक्तात नव्हत्या?"

"होत्या. पण शत्रू ओळखून हत्यारं तयार करायला त्यांना दिवस लागतात. घटसर्पाचं विष तेवढं थांबत नाही. लस ती ओळख आधीच करून देते. एका लशीने ती ओळख पुरेशी होत नाही."

 भोंगा झाला, ती मशीनवर जाऊन बसली.

सोमवारी मी लसीकरण ठेवलं. कामगार चारशे, पोरं आली अकरा. बाकीच्या बाया म्हणाल्या, "ताप येतो हो, खाडा पडतो."

लशीचा ताप म्हणजे शरीराची कवायत. दोन दिवसांत उतरतो. एक खाडा पडू द्या, पण पोरांना घेऊन या. दर सोमवारी मी दारात उभी राहून हेच सांगते. बाया मान खाली घालून पुढे जातात.