शिट्टी वाजेपर्यंत

राजधानीत गरिबाला राहायला परवडत नसेल, पण बघायला परवडतं, असं माझी आत्या म्हणायची. तेव्हा ते खरं होतं. आता बघायलाही पास लागतो.

आत्या एका बड्या हॉटेलच्या धुलाईखान्यात इस्त्रीवर होती. वाफेची इस्त्री, दिवसभर उभं राहून चादरी. हात उकडल्यासारखे लाल आणि अंगाला कायम गरम कापडाचा वास. लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलंच तर म्हणायची, "सुट्टी कुठे मिळाली?" रविवारी आई-बाबा दोघंही कामावर असत, आणि आत्याची पाळी संध्याकाळची. म्हणून रविवारभर मी आणि दादा आत्याच्या ताब्यात. ती दारात उभी राहून ओरडायची, "चला रे भिकाऱ्यांनो, आपल्या इस्टेटीची पाहणी करून येऊ!"

इस्टेट म्हणजे अख्खं शहर. कुठल्या ऋतूत कुठे काय फुकट असतं, हे तिला तोंडपाठ होतं. वसंतात सरकारी बंगल्याची बाग लोकांना उघडायची. तिथे आम्ही मंत्र्यांच्या गुलाबांना नावं ठेवत फिरायचो. फुलांच्या प्रदर्शनाला ती शेवटच्या तासाला न्यायची, कारण तेव्हा कुंड्या हलवायचा कंटाळा आलेले माळी मोडकी रोपं वाटून टाकायचे. पानगळ सुरू झाली की संग्रहालयाचा मोफत दिवस. हिवाळ्यात एका सभागृहात गायकमंडळी सराव करायची, आणि त्या सभागृहात हीटर होता. गाणं कसं होतं ते आठवत नाही. पाय गरम झालेले आठवतात.

पण या सगळ्यांचा राजा म्हणजे उन्हाळ्यातला बँड.

मोठ्या बागेत बँडसाठी बांधलेल्या लोखंडी छत्रीखाली साठेक वाजवणारे बसत. संध्याकाळचा कार्यक्रम तिकिटाचा. पण त्याच दिवशी दुपारी रंगीत तालीम व्हायची, तेव्हा हिरवळीवर कुणीही बसावं. आत्या म्हणायची, "तेच वादक, तीच वाद्यं. फक्त कोट घातलेले नसतात. कोटाचे पैसे आपण का द्यायचे?" आम्ही चादर अंथरायचो, हॉटेलातून बाद झालेली, एका कोपऱ्यात इस्त्रीचा जळका त्रिकोण असलेली. उकडलेले बटाटे, संत्री, थर्मासात चहा. बँडमास्तर जाडा आणि चिडका. मध्येच काठी आपटायचा आणि ओरडायचा, "तुतारी! पुन्हा!" बिचारे तुतारीवाले पुन्हा फुंकायचे. आमच्या घरात तो मंत्रच झाला. आईची पोळी करपली की बाबा ओरडायचे, "तुतारी! पुन्हा!" आणि आई लाटणं घेऊन मागे लागायची.

शेवटची रचना दर वर्षी तीच, लांबलचक. हळू सुरू व्हायची, मग चढत चढत जायची, ढोल घुमायला लागायचे, आत्याचा श्वास वर अडकायचा, आणि नेमक्या त्या वेळी रखवालदार शिट्टी फुंकायचा. फुर्रर्र! उठा! हिरवळ रिकामी करा! खुर्च्या मांडायच्यात! मग एकच धांदल. चादर गुंडाळ, साली उचल, दादाची चप्पल शोध. मागे बँड वाजतच असायचा, पण लोकांच्या गलक्यात आणि खुर्च्यांच्या खडखडाटात काही कळायचं नाही. आत्या आम्हाला बसमध्ये कोंबायची आणि तशीच पाळीवर जायची. रात्री बँड ऐकून हॉटेलात झोपणाऱ्यांच्या चादरी कुणीतरी करायला हव्याच होत्या.

दादाला आणि मला वाटायचं, ती शिट्टी गाण्यातलीच आहे. हसू नका. कुठल्याही पोराला वाटलं असतं. ढोल, ढोल, ढोल आणि शिट्टी, संपलं. दादा घरी डबे बडवायचा आणि शेवटी तोंडाने शिट्टी मारून कमरेत वाकायचा. आत्या टाळ्या वाजवायची.

पुढे मी गादीकामाला लागले. बसच्या सीटा शिवायच्या, फाटलेल्या उसवायच्या. एकदा मालकाला दोन तिकिटं भेट आली होती, त्यातलं एक त्याने मला दिलं. मी पहिल्यांदा खुर्चीवर बसून बँड ऐकला. शेवटची रचना लागली. ढोल घुमायला लागले, आणि मी उठले. पिशवी काखेत मारली आणि चालू लागले. अंगालाच सवय लागली होती. मागची बाई फिसकारली, "अहो, बसा की!" तेव्हा कळलं, पुढे अजून आहे.

मी आत्याला सांगितलं, "आत्या, शिट्टीच्या पुढे पण आहे गं."

"असू दे. कसं आहे?"

"मी लाजून मेले होते. ऐकलंच नाही नीट."

"म्हणजे पैसेवाल्यांच्यात बसून पण तुला शेवट मिळाला नाही," ती म्हणाली आणि खदाखदा हसली.

पण ते तिच्या डोक्यात राहिलं. निवृत्त झाले की बसेन एकदा शेवटापर्यंत, असं ती दर उन्हाळ्यात म्हणायची. ती निवृत्त झाली आणि त्याच वर्षी बाग दुरुस्तीला बंद झाली. दुरुस्ती म्हणजे काय, तर आठ वर्षं भोवती पत्रे ठोकलेले. दरम्यान आत्याची गल्ली कुणाच्या तरी डोळ्यात भरली. धुलाईखान्यामागची तिची खोली, जिच्या भिंतीला भांडं ठेवायची फळीसुद्धा तिनेच ठोकलेली, ती घरमालकाने विकली. तिथे आता पाहुण्यांसाठी महागड्या खोल्या होणार. चाळीस वर्षं ज्या बाईने या शहराच्या चादरींच्या सुरकुत्या काढल्या, तिला शहराने महिनाभराची मुदत दिली. माझ्या घरात आम्ही सहा जण दोन खोल्यांत. दादा दूरच्या एका गावात सिमेंट कंपनीत, त्याच्याकडे जागा. ठरलं.

दादा सामान बांधायला आला होता. म्हणाला, "आत्या, तिकडे मस्त आहे. हवा चांगली आहे. शांतता आहे."

"फुकट काय आहे?"

"हवा."

"तीच ना सिमेंटवाली?"

दादाने हात टेकले.

मग ती इस्त्रीचं टेबल बांधता बांधता म्हणाली, "बाग उघडलीय म्हणे. रविवारी तालीम आहे. जायच्या आधी मला शेवट ऐकायचाय."

मी म्हटलं, फोनवर लावून देते, आत्ता. "डब्यातलं नको," ती म्हणाली. मी म्हटलं, संध्याकाळचं तिकीट काढते, खुर्चीवर बस. तशी ती भडकली. "माझ्या हिरवळीवर मी तिकीट काढून बसू?"

बागेच्या भिंतीवर हे एवढं मोठं पोस्टर: उन्हाळी संगीत, रंगीत तालीम सर्वांसाठी मोफत. खाली मुंगीएवढ्या अक्षरात, पास आवश्यक. पास फोनवर. मी फोन घेऊन बसले. नाव टाका, ईमेल टाका, आवडीनिवडी टाका. टाकून होईस्तोवर पास संपले. मोफत म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. ज्याला वेळ आहे, चांगला फोन आहे आणि पैसेही आहेत, त्याला मोफत.

तरी गेलो. चादर तीच, जळक्या त्रिकोणाची. फाटकावर सिक्युरिटीची बाई उभी, कमरेला पट्टा, गळ्यात शिट्टी.

"मावशी, पास?"

"मी पासाच्या आधीची आहे," आत्या म्हणाली.

"ते ठीक आहे हो, पण पास?"

"तुझ्या आईचं लग्न ठरलं नव्हतं तेव्हापासून मी इथे बसतेय. ती तिथे, छत्रीच्या डावीकडे. बघ जाऊन, खड्डा पडला असेल."

बाई हसली. वाईट नव्हती. पण आत सोडेना. तिच्या डोक्यावर कॅमेरा होता. "माझी नोकरी जाईल, मावशी." आत्या फाटकापासून बाजूला झाली. नोकरी म्हटल्यावर ती कधीच कुणाशी भांडत नसे.

कुंपणातून मला हिरवळ दिसत होती. आता खुर्च्या मांडलेल्या, पांढऱ्या, ओळीत. अर्ध्याअधिक रिकाम्या! पास घेऊन लोक आलेच नव्हते. फुकटचं होतं ना, मग न येण्याचेही पैसे पडत नाहीत. माझं डोकं फिरलं. मी ओरडणार तोच आत्याने माझा दंड धरला आणि मला ओढत बागेच्या मागे नेलं. तिथे गाड्यांचं फाटक आहे. वाद्यांचे ट्रक तिथूनच आत जायचे, आणि छत्री तिथून अगदी जवळ. फाटकासमोर फुटपाथच्या काठावर तिने चादर अंथरली आणि गुडघे दाबत खाली बसली. दादाने संत्री सोलली. दिसत काही नव्हतं. ऐकू मात्र लख्ख येत होतं.

बँडमास्तर नवा होता. एकदाही थांबला नाही. दादा तुतारीच्या जागी हळूच म्हणाला, "पुन्हा!" पण तुतारी बिनचूक वाजून पुढे निघून गेली. "सुधारले मेले," आत्या पुटपुटली.

शेवटची रचना सुरू झाली. हळू. मग चढायला लागली. मी आत्याकडे बघत होते. तिने फोड तोंडात धरली होती, चावत नव्हती. ढोल आले. दादाचा हात चपलेकडे गेला, मी पाहिलं. ती जागा आली, आणि शिट्टी वाजली नाही. बँड पुढे गेला. आत्याने डोळे मिटले.

पुढे काय होतं सांगू? थोडा वेळ मोठ्याने वाजतं. मग पुन्हा थोडं मोठ्याने. मग एकदा दण्, पुन्हा दण्, आणि थांबतं. तुरळक टाळ्या.

आत्याने डोळे उघडले. फोड चावली.

"एवढंच?"

"एवढंच," मी म्हटलं.

"अरे, मग आपला शेवट काय वाईट होता!" ती म्हणाली. आवाज हसरा होता, पण चादरीच्या त्या जळक्या त्रिकोणावरून ती अंगठा फिरवत होती, जणू सुरकुती निघत नाहीय. दादा दुसरीकडे बघायला लागला. परवा सकाळची त्यांची गाडी होती.

तेवढ्यात आतून मोटारीचा हॉर्न वाजला. कुणी बडा पाहुणा निघाला होता. फाटक करकरलं आणि मघाची तीच बाई धावत बाहेर आली. आम्हाला तिथे बसलेलं पाहून थबकली, गाडीकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि शिट्टी तोंडात घातली.

फुर्रर्र! उठा! रस्ता मोकळा करा!

मी उसळले. आठ वर्षांचे पत्रे, तो पास, ती खोली, सगळ्याचा राग काढायला समोर आयतं माणूस सापडलं होतं. "काय समजता काय तुम्ही स्वतःला..."

"गप!" आत्या म्हणाली. ती उठलीसुद्धा होती. गुडघ्याचं दुखणं कुठल्या कुठे. चादर गुंडाळली, साली पिशवीत भरल्या, दादाची चप्पल पायाने त्याच्याकडे सरकवली. चेहरा असा उजळला होता, जणू आम्ही आठ-दहा वर्षांचे आहोत आणि बस सुटायला आलीय.

"ओरडू नकोस तिच्यावर," ती म्हणाली. "बरोबर वेळेवर वाजवली तिने."