तोटी काढलेला पेला

"बघ ताई, ओळखतेस का!" एनॉकने टेबलावर ठेवलेल्या पेल्यावरचं फडकं जादूगाराच्या थाटात ओढलं.

क्रॅनबेरीचं भांडं माझ्या हातात तसंच राहिलं. आमच्या चांदीच्या पेल्याची तोटी गेली होती. तिथे नवं चांदीचं ठिगळ होतं, इतकं सफाईदार की अंगाचा तिळपापड व्हावा.

"तोटी कुठंय?"

"काढून टाकली. बोस्टनचा जाणकार म्हणाला, मुळात हा बिअरचा पेला. कुणीतरी मागाहून तोटी चिकटवून त्याची शोभा घालवली. आता बघ, अस्सल दिसतोय!"

कुणीतरी म्हणे! ती आमच्या पणजीने, डॉर्कसने, लावून घेतली होती. कॅप्टन असलेले पणजोबा याच पेल्यातून पीत पीत मेले. बाकीची चांदी त्यांच्या पिण्यापायी विकली गेली, हा तेवढा उरला. पणजीने त्याला तोटी लावून पाण्याचं भांडं केलं. तेव्हापासून थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणाला घरातली थोरली बाई त्यातून सगळ्यांना पाणी वाढते, मग टर्की कापतात. आई मार्चमध्ये गेली. साठी उलटल्यावर यंदा पहिल्यांदा माझी पाळी आली होती आणि या शहाण्याने हे करून ठेवलं.

"अरे, विचारायचंस तरी!"

"विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस?"

"मुळीच नाही!"

"म्हणूनच नाही विचारलं. तुला खूश करायचं होतं गं."

आणि ते खरं होतं, हीच तर पंचाईत. धड शिव्याही देता येईनात.

"ती तोटी आणून दे मला."

"सोनाराकडेच राहिली. त्याने वितळवलीही असेल."

मी हट्टाने पेला भरला, त्याचं बिजागरीचं झाकण अंगठ्याने वर धरलं आणि तो एनॉकच्या ग्लासावर वाकवला. पाणी काठावरून सगळीकडे सांडलं. टेबलक्लॉथ भिजला, एनॉकची बाही भिजली, ग्लासात जेमतेम घोटभर गेलं. त्याच्या दोन्ही मुली ताटाकडे बघत बसल्या.

"राहू दे ताई," तो हळूच म्हणाला. "त्यातून आता ओतता नाही येणार."

आपला ग्लास घेऊन तो स्वयंपाकघरातल्या नळाकडे गेला. मागून त्याची बायको लोर्ना उठली, मग मुली.

मीही माझा ग्लास घेतला आणि त्यांच्या मागे रांगेत जाऊन उभी राहिले.