उणे ऐंशी

पूर्णिमा मेश्रामने गेली एकोणीस वर्षं एका हिरव्या शेवाळाच्या शेपट्या बघण्यात घालवली होती, आणि त्यावर कुणी हसलं तर ती त्याला तिथल्या तिथे गप्प करायची. हे शेवाळ एका पेशीचं. त्याला दोन शेपट्या, पुस्तकात ज्यांना कशाभिका म्हणतात, आणि त्या मारत ते पोहतं. शेपटीच्या आत सूक्ष्मनलिकांची जुडी असते. तशीच जुडी आपल्या श्वासनलिकेतल्या बारीक केसांतही असते. शेपटी तोडली की साध्या पेशीला नवी यायला दीड-दोन तास लागतात. पूर्णिमाच्या तीनशे अठरा नंबरच्या वाणाला पस्तीस मिनिटं पुरायची. हजारो पेशी चाळून सापडलेला हा एकच वाण, आणि त्यात नेमकं काय बदललंय ते अजून सापडायचं होतं. पण शोधनिबंध छापून आला होता. जर्मनीतल्या एका प्रयोगशाळेने जरा नाक मुरडूनच लिहिलं होतं की वाण पाठवा, आम्हीही करून बघतो. पाठवायच्या त्याच आठवड्यात नागपूरला तिचे वडील, भीमराव, गेले.

पुण्यानुमोदन आटोपून ती दोन आठवड्यांनी पुण्यात परतली, तर तिची उजेडाची खोली रिकामी. या खोलीत रात्रंदिवस ट्यूबलाइट जळायच्या आणि त्यांच्याखाली तीनशे अठरासकट एकशे चाळीस वाण ताटल्यांत वाढायचे. तिथे आता टेबलं होती, अंगावर प्लास्टिक तसंच. संस्थेचे संचालक सुदर्शन केतकर यांनी खोली खराडीच्या एका कंपनीला देऊन टाकली होती. वाण कुठेत, असं विचारल्यावर भाग्यश्रीने मान खाली घातली. ही तिची विद्यार्थिनी, येऊन सहा महिने झालेली. सरांनी सगळे ग्लिसरॉल घालून उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवायला सांगितले, असं ती पुटपुटली.

केतकरांचा सारा जन्म जिवाणूंत गेलेला. जिवाणू असे गोठवले की दहा वर्षांनीही उठून बसतात. तेव्हा जगातलं सगळंच तसं उठून बसतं, अशी या विद्वानाची समजूत. हे शेवाळ उठत नाही. त्या रीतीने गोठवलं की पेशी फुटते आणि विषय संपतो. कुणालाही विचारलं असतं तरी कळलं असतं. पण संचालक झाल्यावर विचारायचं कुणाला?

पूर्णिमा भाग्यश्रीला एक शब्द बोलली नाही. वड्याचं तेल वांग्यावर काढायची तिला सवय नव्हती. तीन दिवस ती एकेक नळी वितळवून थेंब थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघत राहिली. एकशे चाळीस नळ्यांत काहीही हललं नाही. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि ती तशीच केतकरांच्या केबिनमध्ये शिरली.

“अहो मॅडम, शेवाळच ना?” ते म्हणाले. “कात्रजच्या तळ्यात हवं तेवढं मिळेल.”

“मग बादली आपण घ्या, सर. रस्ता मी दाखवते.”

तेव्हा कुठे ते सरळ बसले. जर्मनीला कळवा की ताटल्यांना बुरशी लागली, असं त्यांनी सुचवलं. बुरशी काय सगळ्यांकडेच लागते, कुणावर बालंट नको. पूर्णिमाला माहीत होतं की आकडे रचणारा प्रत्येक भामटा शेवटी बुरशीचंच नाव घेतो. एकदा ते लिहिलं की तिची एकोणीस वर्षं थाप ठरणार होती. मी खरं तेच लिहीन, तिने बजावलं; कुणी सांगितलं, कधी सांगितलं, सगळं.

केतकरांनी शांतपणे संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. त्यांची मेल होती. वर सांत्वनाची एक ओळ, खाली वाण उणे ऐंशीला हलवत आहोत, आपली हरकत नसावी. त्याखाली तिचं उत्तर: ठीक आहे. तारीख वडिलांच्या अंत्यविधीची.

तिला आठवलं. स्मशानाबाहेर उभं राहून ती येईल त्या निरोपाला तेच दोन शब्द पाठवत होती. या माणसाने नेमका तो दिवस साधला, आणि तिने ती मेल पुरती वाचलीही नाही. दोन्ही खरं होतं, आणि दोन्हीचा तिला सारखाच संताप आला. ती उठून बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने जर्मनीला पत्र धाडलं, एक प्रत केतकरांना. आमच्या संचालकांनी सगळे वाण उणे ऐंशीला गोठवायला लावले. मला विचारलं होतं. मी न वाचता हो म्हटलं. तीनशे अठरा आता जगात कुणाकडेही नाही. माझा निष्कर्ष तुम्हाला पडताळता येणार नाही, तेव्हा तो धरून चालू नका.

दहा मिनिटांत केतकर दोन जिने उतरून स्वतः तिच्या प्रयोगशाळेत आले. गेल्या दोन वर्षांत ते इकडे फिरकले नव्हते.

“हे काय करून बसलात?” ते म्हणाले. “यात तुमचंही नाव गेलं.”

“गेलं. माझी चूक होती, ती मी लिहिली,” पूर्णिमा म्हणाली. “आपली आपण लिहा.”